अकरा नंबरची पुडी

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमाराला, साताऱ्यातल्या आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये वैजयंता एकटीच सॉल्टच्या पुड्या बांधत बसली होती, तेव्हा आप्पासो दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, टोपी काखेत, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. तिनं मान वर केली. तेवीस वर्षांपूर्वी, सांगलीजवळच्या तिच्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात, ते लॅबचे शिपाई होते आणि सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. तिनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. लेक रहिमतपूरला दिली आहे, तिची मुलगी सृष्टी ह्याच कॉलेजात बारावीला आहे, एवढं सांगून झाल्यावर ते थोडे पुढं वाकले.

“उद्या प्रॅक्टिकल हाय तिचं. पोरगी लय घाबरल्या. जरा बरी पुडी येईल तिच्या वाटणीला, एवढं बघा. बाकी काय मागत न्हाई. तुमच्या टायमाला सरांनी केलं हुतं, तसंच.”

“माझ्या वेळी काय केलं होतं मामा?”

“आवं, आसं काय करताय.” ते हसले. “चिठ्ठी कायबी निघू दे, चौदा नंबरची पुडी वैजयंताच्या म्होरं ठिवायची, आसं सरांनी आदल्या दिशीच सांगून ठिवलं हुतं. तुमास्नी निघाला अकरा. अकरा म्हंजी ते पाण्यात न इरघळणारं. मग ते त्या पेटीवाल्या लियाकतच्या पोरीम्होरं ठिवलं, चौदा तिला निघाला हुता म्हून.” तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. “मी कुटं बोललो न्हाई हां कुणाला. आपलं आपल्यात.”

वैजयंताच्या हातात अर्धवट दुमडलेला कागद होता. त्यातली पावडर सांडणार नाही एवढ्या बेतानं तिनं तो टेबलावर ठेवला. “इथं तसं होत नाही मामा,” ती म्हणाली. “व्हय, बरोबर हाय,” आप्पासो म्हणाले, पण ज्या सुरात ते म्हणाले त्यात काम झाल्याचं समाधान होतं; असं उघड कोण कबूल करतंय, एवढं त्यांनाही कळत होतं. चपला घालताना त्यांनी एकदा आत वळून तिला हात जोडले. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण एकच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणतो आहोत, तुमास्नी निघाला अकरा, तुमास्नी निघाला अकरा.

दर वर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला ती एक गोष्ट सांगायची. गोष्ट तिची स्वतःची होती आणि सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. बारावीच्या प्रॅक्टिकलला मला एक पांढरी पावडर आली. थंड पाण्यात टाकली, विरघळली. म्हणजे निम्मे संशयित घरी गेले. वर्ग इथं हसायचा. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले तर दह्यासारखं पांढरं खाली बसलं, म्हणजे क्लोराइड. तारेवर घेऊन ज्योतीत धरली तर कैरीच्या सालीसारखी हिरवी झाक. म्हणजे बेरियम. आणि बेरियम असेल तर सल्फ्युरिकचा थेंब पडल्यावर काय होणार, हे मी थेंब टाकायच्या आधी कागदावर लिहिलं होतं, कारण बेरियमचं सल्फेट पाण्यात विरघळत नाही. थेंब पडायच्या आधीच मला तो पांढरा ढग दिसला होता. बाहेरून आलेले एक्स्टर्नल मागं उभे होते. ते म्हणाले, ही पोरगी आधी बघते, मग टाकते. ह्या एका वाक्यावर ती बी.एस्सी. झाली होती, एम.एस्सी. झाली होती, बी.एड. झाली होती, घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा वडिलांना हेच वाक्य ऐकवून तिनं दोन वर्षं मागून घेतली होती. तीसपैकी तीस मार्क. केमिस्ट्रीत कॉलेजात पहिली. आणि आता त्या गोष्टीच्या तळाशी एक माणूस कागदाची पुडी घेऊन वाकलेला दिसत होता, जी पुडी तिची नव्हती.

बेरियम क्लोराइड कुणालाही ओळखता येतं. हे तिला आज कळत होतं असं नाही. पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला ते कळणारच. तरी इतक्या वर्षांत तिनं ते स्वतःशी कधी म्हटलं नव्हतं. अवघड पुड्या दोनच असतात दर बॅचला, एक्स्टर्नल मुद्दाम ठेवायला लावतात. त्या वर्षी त्यातली एक अकरा नंबरची होती. लेड सल्फेट. पाण्यात विरघळत नाही, गरम पाण्यात नाही, पातळ ॲसिडात नाही. मुलं ती नळी हातात घेऊन रडकुंडीला येतात. कपाटातून तिनं लेड सल्फेटची बाटली काढली, चिमूटभर नळीत घेतलं, पाणी ओतलं आणि अंगठा लावून हलवलं. दुधासारखं झालं. नळी स्टँडला लावून ती बघत बसली. पांढरं हळूहळू खाली बसलं आणि वर पाणी होतं तसं राहिलं. मला जमलं असतं का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मिळण्याची सोय आता नव्हती. अमोनियम ॲसिटेटमध्ये गरम केलं की विरघळतं हे आता तिच्या हातांनाच ठाऊक होतं. सतरा वर्षांची, ते ठाऊक नसलेली मुलगी परत आणून ह्या टेबलाशी उभी करता येत नव्हती. कुणीतरी तिची परीक्षा तिच्याकडून काढून घेतली होती आणि बदल्यात मार्क दिले होते.

घरी तिनं नवऱ्याला, कृष्णातला, सांगितलं. तो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. भाकरी मोडता मोडता त्यानं सगळं ऐकून घेतलं. “तू काय केलंस त्यात?” त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. “मग झालं की. सरांनी तुझं चांगलं बघितलं. वाईट तर न्हाई केलं.” त्याच्या दृष्टीनं ते तिथं संपलं. तिला मात्र समीनाचा, लियाकतच्या त्या पोरीचा, आवाज आठवत होता.

तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रॅक्टिकलला चिठ्ठ्या काचेच्या वाडग्यात होत्या. एकेकीनं चिठ्ठी उचलायची आणि न उघडता सरांच्या हातात द्यायची, सर उघडून नंबर वाचणार आणि कागदावर लिहून घेणार, असा नियम सरांनीच त्या दिवशी केला होता. उदयसिंह सर उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वैजयंताची चिठ्ठी उघडून त्यांनी वाचलं, चौदा. मग दोघीतिघी झाल्या, मग समीना. अकरा, सर म्हणाले. आणि समीना म्हणाली, “सर…” एवढंच. “परीक्षेत बोलायचं नाही, समीना.” इतक्या वर्षांत हा प्रसंग वैजयंताला आठवला होता तो हसण्यासारखा म्हणून, कारण समीनाला सारखं काहीतरी विचारायची खोड होती. वर्गातसुद्धा. सर नियम सांगत होते: नायट्रेट सगळी विरघळतात, सोडियम-पोटॅशियमची सगळी विरघळतात, क्लोराइड विरघळतात पण चांदी, शिसं, पारा सोडून, सल्फेट विरघळतात पण बेरियम, शिसं सोडून. आणि समीनानं हात वर केला होता. “सर, अजिबात न विरघळणारं काय असतं का? का थोडं थोडं सगळंच विरघळतं?” सर थांबले होते. खडू हातात फिरवत त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं होतं आणि म्हणाले होते, “थोडं तर सगळंच विरघळतं. हे पुस्तकात नाही. तुला कुणी सांगितलं?” “कुणी नाही. वाटलं.” सर त्या दिवशी उरलेला तास तिच्याकडेच बघून शिकवत होते.

प्रॅक्टिकल संपल्यावर मागच्या नळाशी समीना हात धूत होती. तीन तास. बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी पडली होती. कशी गेली, वैजयंतानं विचारलं. “विरघळलंच न्हाई गं.” कशातच? “कशातच न्हाई.” आणि वैजयंता, नुकतंच एक्स्टर्नलांचं ते वाक्य कानात घेऊन आलेली वैजयंता, तिला समजावून सांगायला लागली होती, की कशातच विरघळत नाही म्हणजे सल्फेट असणार, आणि सल्फेट असेल तर बेरियम नाहीतर लेड, नियम आठवायचे, घाबरायचं नाही. समीनानं नळ बंद केला होता. “तेच केलं. दोन्हीतलं एक लिवायचं हुतं. बेरियम लिवलं.” आणि लेड का नाही लिहिलंस, असंही आपण विचारलं होतं. रात्री पंख्याखाली आडवी पडलेली वैजयंता उठून बसली. लेड का नाही लिहिलंस. आपल्याला निघालेली पुडी जिच्यापुढं ठेवली गेली तिला आपण हे विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल झालं. चिठ्ठ्या मुलांनीच उघडल्या, मोठ्यानं वाचल्या, स्वतःच्या हातानं लिहिल्या. सृष्टी किडकिडीत, चष्म्याची मुलगी. तिला निघालं अमोनियम क्लोराइड. त्याहून सोपं काही नव्हतंच त्या ट्रेमध्ये. वैजयंता खिडकीशी उभी राहून बघत होती. संध्याकाळी आप्पासोंचा जावई मोटारसायकलवरून गुळाची ढेप देऊन गेला. मामांनी सांगितलंय, उपकार विसरणार नाही. ती म्हणाली, मी काही केलेलं नाही, चिठ्ठीच तशी निघाली. जावई मान हलवत हसला. कुणाला काही पटवून देता येत नाही, आणि न केलेलं तर मुळीच नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या शनिवारी रजा टाकून ती सांगलीच्या गाडीत बसली. कराड गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत राहिली, उघड्या खिडकीतून मळीचा वास येत राहिला. सरांना काय विचारायचं ते तिनं चारपाच वेळा मनात मांडलं आणि प्रत्येक वेळी ते तक्रारीसारखं झालं. तक्रार कसली करणार होती ती, जास्त मार्क दिल्याची? राग होता तो वेगळा होता, त्याला शब्द सापडत नव्हता. लहानपणी पोहायला शिकताना आपलं आपण तरंगतोय असं वाटावं आणि काठावर आल्यावर कळावं की पाठीला सगळा वेळ कुणाचा तरी हात होता, तसं काहीतरी. पण त्यात कुणी दुसरं बुडालेलं नसतं.

सर विश्रामबागेत मुलाच्या बंगल्यात राहत होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते, वय ऐंशीच्या जवळ, शर्ट तसाच पांढरा. तिला बघून त्यांना खराखुरा आनंद झाला. काकूंनी आत चहा टाकला. घरचं विचारून झालं, कॉलेजचं विचारून झालं. मग तिनं आप्पासो आल्याचं सांगितलं आणि ते काय बोलले तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला.

“आप्पासोनं बोलायला नको होतं,” ते म्हणाले.

“म्हणजे खरं आहे.”

“खरं आहे. कॉलेज सुरू होऊन चौदा वर्षं झाली होती, वैजयंता. एक पोर पुढं गेली नव्हती. तू जाशील असं वाटत होतं. तुझ्या वाटेत ती पुडी येऊ द्यायची नव्हती मला.”

“मला ती जमली नसती असं वाटलं तुम्हाला?”

“जमलीही असती कदाचित. पण कदाचितवर सोडायचं नव्हतं.”

तिला वाटलं होतं ते नाकारतील, किंवा चिडतील, किंवा डोळ्यांत पाणी आणतील. ते नुसतेच शांत होते. आपण एका मुलीसाठी केलेली चांगली गोष्ट तिला उशिरा कळली, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तुम्ही शिकवलंत ते नियम, ती मनात म्हणत होती, तुमचाच त्यांच्यावर विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच. मोठ्यानं तिनं विचारलं, “आणि समीना?”

“चौदा कुणाला निघेल हे मला काय ठाऊक. कुणालाही निघाला असता.” सर थांबले. “तिला निघाला तेव्हा मात्र क्षणभर मीही थांबलो. हुशार होती. तुझ्यापेक्षाही असेल कदाचित. पण म्हटलं, हिला पाहुणे बघून गेलेत, दोनतीन महिन्यांत लग्न होईल, हिला मार्कांचं काय करायचंय.”

“तिला पाहुणे बघून गेले होते हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. “तूच की,” ते म्हणाले.

चहा आला. काकूंनी आग्रह केला म्हणून तिनं चिवडा खाल्ला. सरांचा नातू कुठं शिकतो ते ऐकलं. निघताना ती वाकून पाया पडली, कारण न पडणं जमलं नाही, आणि फाटकाबाहेर आल्यावर रिक्षा थांबवायच्या ऐवजी चालत राहिली. बारावीच्या वर्षीचा जानेवारी होता तो. जादा तास संध्याकाळी पाचला असायचा. समीना आली नव्हती. सरांनी हजेरी घेताना विचारलं, समीना का नाही? आणि वैजयंता उभी राहून म्हणाली, तिच्याकडं पाहुणे आलेत सर, बघायला. पोरी हसल्या होत्या. पाहुणे आले होते ते खरं होतं. आले होते ते समीनाच्या थोरल्या बहिणीला, अकिलाला, बघायला. हे वैजयंताला ठाऊक होतं. आदल्या दिवशी समीनानंच तिला सांगितलं होतं, की उद्या आपाला बघायला येणार आहेत, चहा-सामोसे मलाच करायचे आहेत. कुणाला ते सरांनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. विसरली होती का? रस्त्याच्या कडेला उभी राहून ती प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होती. समीनानं तो प्रश्न विचारला होता आणि सर तासभर तिच्याकडे बघून शिकवत होते, ते त्याच आठवड्यात. विसरली नव्हती. एक शब्द तोंडाशी आला होता आणि तिनं तो आत ठेवला होता, सहज, कुणाचं काही जाणार नाही अशा खात्रीनं, एक क्षणभर सरांनी समीनाकडे वेगळं बघावं एवढ्याचसाठी. आप्पासोंनी फसवलं, सरांनी फसवलं, असं म्हणत ती साताऱ्याहून इथवर आली होती.

तिथूनच ती घरी परतू शकली असती. साताऱ्याची गाडी तासाभरानं होती. पण समीनाचा नंबर मोबाइलमध्ये होता. ईदला आणि दिवाळीला दोघींचे मेसेज यायचे-जायचे, त्याच्यापुढं कधी काही नाही. समीनाला सरकारी डी.फार्म.ला चार मार्क कमी पडले होते हे तेव्हाच कळलं होतं. खासगी कॉलेजचा विषयही लियाकतचाचांच्या घरात निघाला नव्हता. लग्न मात्र दोनतीन महिन्यांत नाही, सहा वर्षांनी झालं. आता ती भावाच्या, सरफराजच्या, निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात होती, कुपवाडला. वैजयंतानं फोन लावला. “ये की,” समीना म्हणाली. “शेडवरच हाय मी.”

कुपवाडच्या एमआयडीसीत रिक्षावाल्याला दोनदा विचारावं लागलं. पत्र्याची लांब शेड, बाहेर पंपाच्या सुट्या भागांचे ढीग, आत ॲसिडचा घशाला लागणारा वास. समीना कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून एका टाकीशी उभी होती. ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली. जाड झाली होती, कानापाशी केस पांढरे. कोमट पाण्यात ती हिरवं निकेल सल्फेट सोडत होती, एका हातानं पिशवी, दुसऱ्या हातानं लाकडी दांडा फिरवत, आणि पाणी हळूहळू गर्द हिरवं होत होतं. “बस. एवढं विरघळू दे,” ती म्हणाली. स्टुलावर बसून वैजयंता बघत राहिली. किती अंशाला किती जाईल, कुठं थांबायचं, हे समीना कशातही न बघता करत होती. भिंतीशी चुन्याच्या निवळीची टाकी होती, वापरलेल्या पाण्यातला धातू खाली बसवायला. समीना मध्येच एका कामगाराला म्हणाली, “क्रोमच्या टाकीत आज बेरियम कार्बोनेट टाकू नगा. काल टाकलंय. सल्फेट बसलंय सगळं खाली.” एम.एस्सी.च्या बाईनं पुस्तकात वाचलेलं ते वाक्य पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून कामाचं म्हणून ऐकलं.

समीनानं हातमोजे काढले, दोघी शेडबाहेर बदामाच्या झाडाखाली येऊन बसल्या. वैजयंतानं सांगायला सुरुवात केली. आप्पासो आले होते इथपासून. समीना ऐकत राहिली. पुड्यांपाशी आल्यावर तिनं फक्त एवढंच म्हटलं, “मला ठावं हाय.”

“काय ठाऊक आहे?”

“चिठ्ठी सरांना द्यायच्या आधी मी उघडून बघितली हुती. चौदा हुता. सर अकरा म्हणाले. मी बोलाय गेले तर गप्प केलं.” तिनं बोटावरचा वाळलेला हिरवा डाग नखानं खरवडला. “मग तुझ्या टेबलावर आप्पासोनं पुडी ठिवताना बघितली. चौदा लिवलेली.”

“मग बोलली का नाहीस? मला तरी?”

“तुला?” समीनानं तिच्याकडे बघितलं. “तू खाली मान घालून लिवत हुतीस. नळावर येऊन मला नियम सांगाय लागलीस. मला वाटलं, हिला ठावं हाय, म्हणून एवढी बोलाय लागल्या. मी तेवीस वर्षं तेच समजत आले.”

“मला खरंच माहीत नव्हतं समीना. गेल्या आठवड्यात कळलं.”

शेडमध्ये पंप सुरू झाला. “बरं,” समीना म्हणाली. विश्वास बसला की नाही हे त्यात नव्हतं, पण तिच्या खांद्यांतला ताठपणा कमी झाल्यासारखा वैजयंताला दिसला. “माणूस किती वर्षं धरून बसतं बघ,” ती म्हणाली, आणि जराशी हसली. “चल, च्या सांगते.”

इथं थांबता आलं असतं. वैजयंताला ते स्पष्ट दिसत होतं. चहा आला असता, मुलांचे फोटो बघितले असते, सरांना दोघींनी मिळून नावं ठेवली असती, आणि दोघी एकाच बाजूला बसल्या असत्या, फसवलेल्या. त्या बाजूला बसायची तिला फार इच्छा होती. तेवढ्यासाठीच ती आली होती, हेही तिला कळलं. आणि समीना चहाच्या पोराला हाक मारायला उठायच्या आत ती म्हणाली, “अजून एक आहे. सरांनी ती पुड्यांची अदलाबदल तशीच राहू दिली, कारण तुझं लग्न ठरतंय असं त्यांना वाटलं. पाहुणे तुला बघायला आलेत असं त्यांना वाटलं. ते मी सांगितलं होतं. अकिलाआपाला बघायला आलेत हे मला ठाऊक होतं. तरी मी नाव घेतलं नाही.”

समीना अर्धवट उठली होती, ती परत बसली.

“का?”

“तू तो प्रश्न विचारला होतास वर्गात. सगळंच थोडं थोडं विरघळतं का म्हणून. त्यानंतर सर तुझ्याकडंच बघत होते.”

समीना समोरच्या पंपाच्या भागांकडे बघत राहिली. तिचा चेहरा रागावला नाही. ती काहीतरी जुळवत होती, एकेक महिना मागं जाऊन, आणि जे सापडत होतं ते पुन्हा मांडून बघत होती.

“हे मला ठावं नव्हतं,” ती म्हणाली.

वैजयंतानं तिचा हात धरायला हात पुढं केला. समीनानं आपला हात काढून घेतला असं नाही. तो हातमोज्यात जात होता, ती मांडीवरचे हातमोजे पुन्हा घालत होती. उजवा घातला, डावा घातला, मनगटाशी ओढून नीट केला.

“सरांचं मी समजून घेतलं हुतं,” ती म्हणाली. “त्यांचं कॉलेज हुतं. तुझंबी घेतलं हुतं, ठावं असून गप्प बसलीस म्हणून. आयती पुडी कोण सोडतंय. मीबी सोडली नसती.” ती उभी राहिली. “ह्याचं काय करू ते कळंना.”

“समीना…”

“शिफ्ट सुटायच्या आत नीघ,” समीना म्हणाली. “मग रिक्षा मिळत न्हाई इथनं.”

आणि ती शेडमध्ये गेली. टाकीशी जाऊन तिनं दांडा उचलला, वाकून पाण्यात बघितलं, कामगाराला काहीतरी विचारलं. वैजयंता उभी राहिली. दोन माणसं पत्र्याची मोठी परात उचलून मधून गेली, ती गेल्यावर समीना पाठमोरी होती. वैजयंता रस्त्याला लागली.